उबुंटूवरून फेडोरावर जाताना: काय जपावे, काय नव्याने शिकावे

नौपाड्यातला पत्ता सांगताना आपण कोपऱ्यावरची गिरणी, मागची गल्ली आणि इमारतीचे जुने नाव सांगतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून कोपरखैरण्यात उतरले की सेक्टर आणि प्लॉटचा क्रमांक सांगितल्याशिवाय रिक्षावाला मान हलवत नाही. माझे माहेर नौपाड्यात आणि सासर कोपरखैरण्यात असल्यामुळे दोन्ही पद्धती मला अंगवळणी पडल्या आहेत. नऊ वर्षे उबुंटू वापरून फेडोरावर आले तेव्हा असेच काहीसे झाले. ही दोन्ही लिनक्स या संगणक प्रणालीची वेगवेगळी वितरणे, म्हणजे डिस्ट्रो. कर्नेल (प्रणालीचा गाभा) लिनक्सचेच होते, लिबरऑफिस आणि फायरफॉक्सही तेच होते. बदलले होते ते एवढेच की कोणती वस्तू कोठे ठेवलेली आहे, तिला काय म्हणतात आणि कोणते काम सांगितल्याशिवाय होत नाही. हे ‘एवढेच’ उमगायला मला तीन रविवार लागले, आणि मी आमच्या सोसायटीची खजिनदार असल्यामुळे त्या तिमाहीची देखभाल बिले चार दिवस उशिरा निघाली.

पुढील पायऱ्या उबुंटूवरून फेडोरावर जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. डेबियन किंवा ओपनसुसे या दुसऱ्या डिस्ट्रोंकडे जाणाऱ्यांनाही त्यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतील. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर (कमांड टंकायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकाव्यात.

लागणारे साहित्य

- किमान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, जो पूर्ण पुसला गेला तरी चालेल असा.
- बॅकअपसाठी वेगळी बाह्य हार्ड डिस्क. शक्य असल्यास लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसवून जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवावी. यापेक्षा चांगला बॅकअप नाही.
- मोबाइल आणि त्याची यूएसबी केबल. नव्या डिस्ट्रोत वायफाय चालले नाही तर केबलने मोबाइलचे इंटरनेट घेता येते.
- लॅपटॉपवर विंडोजही असल्यास बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की, कागदावर लिहून.
- एक साधी वही. तिच्या पानावर मधोमध रेघ मारा: डावीकडे जुन्या डिस्ट्रोतील नाव किंवा कमांड, उजवीकडे नव्यातील. हे साहित्य सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त तेच उपयोगी पडते.

१. बदलण्याचे कारण एका वाक्यात लिहा

माझे कारण साधे होते: नव्या लॅपटॉपचे वायफाय माझ्या जुन्या उबुंटूच्या कर्नेलला ओळखता येत नव्हते आणि फेडोराच्या ताज्या कर्नेलवर ते लगेच चालले. तुमचे कारण केवळ ‘दिसायला छान आहे’ एवढेच असेल, तर डिस्ट्रो न बदलता डेस्कटॉप बदलून पाहा. गनोम, केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे तिन्ही दोन्हीकडे मिळतात.

कारण लिहिताना आवृत्त्यांचा वेगही ध्यानात घ्यावा. उबुंटूची दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळतात. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे १३ महिनेच आधार मिळतो. म्हणजे फेडोरावर वर्षातून एकदा तरी मोठे अपग्रेड करण्याची तयारी हवी. जिच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षे कोणी हात लावणार नाही अशा आत्याबाईंना मी फेडोरा सुचवणार नाही. त्यांच्यासाठी डेबियन किंवा एलटीएस बरी.

२. जुन्या यंत्रावर काय काय आहे त्याची यादी काढा

आपण काय इन्स्टॉल केले आहे ते आपल्याला आठवते, असा प्रत्येकाचा समज असतो. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही कमांड चालवली की तो समज दूर होतो. यादी लांब येते, कारण उबुंटूबरोबर सुरुवातीलाच आलेली काही पॅकेजही (प्रोग्रामचे गठ्ठेही) तिच्यात असतात. ती वाचून फक्त ओळखीची नावे वहीत उतरवावीत. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या स्वतंत्र पॅकेज पद्धतींची यादी ‘स्नॅप लिस्ट’ आणि ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ या कमांडने वेगळी काढावी लागते, कारण ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेज व्यवस्थापकाला, त्यांचा पत्ता नसतो.

त्यानंतर ज्या गोष्टी होम डिरेक्टरीत, म्हणजे तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात, नसतात त्यांच्याकडे वळा. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी क्रॉनची कामे ‘क्रॉनटॅब –एल’ या कमांडने दिसतात. ती व्हार डिरेक्टरीत साठवलेली असतात, त्यामुळे होमचा बॅकअप कितीही काटेकोर घेतला तरी ती मागे राहतात. प्रिंटरची मांडणी, वायफायचे पासवर्ड आणि एफएसटॅब या फाइलमध्ये लिहिलेली जास्तीची पार्टिशन (डिस्कचे भाग) ईटीसी डिरेक्टरीत असतात. संपूर्ण ईटीसीची प्रत घ्यावी, पण ती नव्या डिस्ट्रोवर जशीच्या तशी चिकटवू नये. ती फक्त पाहून लिहिण्यासाठी आहे.

३. बॅकअप घ्या, आणि तो उघडून पाहा

येथे मी स्वतः घसरले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दस्तऐवज, छायाचित्रे आणि फायरफॉक्सच्या खुणा ज्यात असतात ती ‘डॉट मोझिला’ डिरेक्टरी मी जपून घेतली होती. नव्या फेडोरावर फायरफॉक्स उघडला, बुकमार्क दिसले आणि मी निश्चिंत झाले. संध्याकाळी मालमत्ता कराच्या पानाची खूण शोधायला गेले तेव्हा लक्षात आले की हे बुकमार्क दोन वर्षांपूर्वीचे आहेत. त्याचे कारण असे की उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो आणि त्याचे प्रोफाइल होममधील ‘स्नॅप’ नावाच्या डिरेक्टरीत राहते. मी आधीच्या आवृत्तीवरून अपग्रेड केले असल्यामुळे जुने ‘डॉट मोझिला’ही तेथेच पडून होते, आणि मी नेमके तेच उचलून आणले होते. जुनी डिस्क पुसली नव्हती म्हणून निभावले.

त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. जुन्या फायरफॉक्सच्या मदत मेनूत जाऊन समस्यानिवारणाच्या माहितीचे पान उघडा. प्रोफाइलचा खरा मार्ग तेथे लिहिलेला असतो. आणखी एक अडचण उलट दिशेने येते: नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीच्या फायरफॉक्सने उघडायचा प्रयत्न केला तर तो नकार देतो. फेडोरावरून डेबियनच्या स्थिर आवृत्तीकडे जाणाऱ्यांना ही अडचण हमखास भेटते. त्यांनी बुकमार्क आणि पासवर्ड फाइलमध्ये निर्यात करून न्यावेत.

बॅकअपची डिस्क विंडोजवरही वाचता यावी म्हणून बहुतेकांची एक्सफॅट या फाइल प्रणालीत फॉरमॅट केलेली असते. एक्सफॅटवर लिनक्सच्या फाइल परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंक टिकत नाहीत. तेथून परत आणलेली एसएसएचची (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या साधनाची) खाजगी की सर्वांना वाचता येईल अशा परवानगीने येते आणि एसएसएच ती वापरायला साफ नाकारते. ‘सीएचमॉड ६००’ केल्यावर ती चालते. तरी मुळात होम डिरेक्टरी टार या कमांडने एकाच फाइलमध्ये बांधून मग डिस्कवर ठेवणे उत्तम, कारण टारच्या पोटात परवानग्या शाबूत राहतात.

४. पेन ड्राइव्हवरून नवी डिस्ट्रो चालवून पाहा

आयएसओ फाइल, म्हणजे नव्या डिस्ट्रोची संपूर्ण प्रत, उतरवल्यावर ती अचूक उतरली का याची ‘एसएचए२५६सम’ कमांडने पडताळणी करा आणि फेडोरा मीडिया रायटर किंवा व्हेंटॉयने पेन ड्राइव्ह तयार करा. त्यावरून लॅपटॉप सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कळा आणि झाकण मिटून पुन्हा उघडणे, एवढे तपासा. घरचा प्रिंटरही जोडून एक पान छापून पाहा. अर्धा तास लागतो.

५. इन्स्टॉल करताना घाई करू नका

हे काम पावसाळ्यात करणार असाल तर बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. पार्टिशन बदलत असताना वीज जाणे कोणालाच परवडत नाही. विंडोज सोबत ठेवायचे असेल तर ईएफआय पार्टिशन (यंत्र सुरू करणाऱ्या फाइल ज्यात असतात ते) फॉरमॅट करू नका, नुसते जोडा. बायोसमधील सेटिंग बदलल्यावर विंडोज बिटलॉकरची की मागू शकते, म्हणून ती कागदावर असावी असे वर म्हटले.

वेगळे होम पार्टिशन असेल तर ते न पुसता नव्या डिस्ट्रोला जोडता येते, आणि पुष्कळ जण तोच सल्ला देतात. माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या होममध्ये ‘डॉट कॉन्फिग’च्या आत जुन्या डेस्कटॉपच्या शेकडो सेटिंग असतात आणि नव्या डेस्कटॉपवर त्यांच्यामुळे असे विचित्र दोष उद्भवतात की चूक नव्या डिस्ट्रोची आहे की जुन्या सेटिंगची, हे ठरवताच येत नाही. नवे कोरे होम घ्या आणि लागेल तशी एकेक वस्तू आत आणा. शिवाय फेडोरा ३३ पासून वर्कस्टेशन आवृत्ती बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली वापरते, तर उबुंटूची नेहमीची निवड ईएक्सटी४ आहे. नव्याने सुरुवात केली की हा गुंताही उरत नाही.

डेबियन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. इन्स्टॉल करताना रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड दिला तर तुमच्या खात्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याचा, अधिकार मिळत नाही. तो रकाना रिकामा सोडला की मिळतो. फेडोरात हा अधिकार देणाऱ्या गटाचे नाव ‘सुडो’ नसून ‘व्हील’ आहे.

विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकीचे दिसले तर बॅटरी खराब झाली असे समजू नका. लिनक्स यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज ते स्थानिक वेळ मानते, आणि भारतीय वेळेचा फरक नेमका साडेपाच तासांचा आहे.

६. पॅकेजची नवी नावे शिका

उबुंटूत ‘ॲप्ट अपडेट’ ही निरुपद्रवी कमांड आहे: ती उपलब्ध पॅकेजची यादी ताजी करते आणि थांबते, खरे अपग्रेड ‘ॲप्ट अपग्रेड’ने होते. फेडोराचा पॅकेज व्यवस्थापक डीएनएफ आहे, आणि त्यात ‘डीएनएफ अपडेट’ आणि ‘डीएनएफ अपग्रेड’ ही एकाच कामाची दोन नावे आहेत. यादी डीएनएफ स्वतःच ताजी करतो. हे ठाऊक नसताना मी घणसोली ते ठाणे या प्रवासात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सवयीने ‘अपडेट’ टाकले, प्रश्न न वाचता ‘वाय’ दाबले आणि ठाणे येईपर्यंत त्या दिवसाचा डेटा संपला. डीएनएफ विचारतो तेव्हा किती एमबी उतरवणार ते लिहून देतो. ती ओळ वाचावी.

माझ्या वहीतील पहिल्या पानावरील काही ओळी अशा आहेत:

- बिल्ड-इसेन्शियल या प्रोग्राम बांधण्याच्या पॅकेजच्या जागी डेव्हलपमेंट-टूल्स नावाचा पॅकेजचा गट.
- ज्या नावांच्या शेवटी ‘डेव्ह’ असते त्यांच्या शेवटी येथे ‘डेव्हेल’: लिबएसएसएल-डेव्हचे ओपनएसएसएल-डेव्हेल.
- अपाची२ या वेब सर्व्हरचे नाव येथे एचटीटीपीडी, आणि त्याच्या सेटिंगची डिरेक्टरीही त्याच नावाची.
- पीपीए या बाहेरच्या पॅकेज साठ्यांच्या जागी कोपर. दोन्हींमधील पॅकेज बाहेरची माणसे बनवतात, म्हणून गरज असेल तेवढेच घ्यावे.
- अपडेट-ग्रब ही बूट मेनू ताजा करणारी कमांड येथे नाही, ग्रब२-एमकेकॉन्फिग वापरावे.

नाव सापडत नसेल तर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’पुढे हव्या असलेल्या फाइलचे किंवा कमांडचे नाव लिहावे, ती कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते कळते. आणि ‘डीएनएफ हिस्टरी’ तर मला ॲप्टपेक्षा फारच आवडली. आजवर केलेल्या प्रत्येक व्यवहाराला तेथे क्रमांक असतो आणि ‘अनडू’पुढे तो क्रमांक लिहून नको असलेला व्यवहार बहुधा उलटवता येतो. खजिनदाराला अशी खतावणी पाहून आनंद होणारच.

विक्रेत्याने केवळ डेब (उबुंटूच्या पॅकेजची) फाइल दिली असेल, आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनच्या बाबतीत असे घडते, तर ती ओढूनताणून आरपीएममध्ये (फेडोराच्या पॅकेजमध्ये) बदलू नका. साधा प्रोग्राम असेल तर डिस्ट्रोबॉक्सने फेडोराच्या आत उबुंटूचा एक कप्पा तयार करून तो तेथे चालवता येतो. टोकन मात्र ब्राउझरशीही बोलायला हवे असते, म्हणून ते चालेल की नाही हे जुनी डिस्क हाताशी असतानाच तपासा.

७. मराठी टंकन आणि फाँट

सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर इनपुट सोर्समध्ये मराठी जोडावी. इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी मांडणी यादीत दिसली नाही तर ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज घालून लॉगआउट करून परत यावे. हे नाव दोन्ही डिस्ट्रोत सारखेच आहे. गनोममध्ये सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मग हे वाक्य टंकून पाहा: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या बाळूने ॲल्युमिनियमचा डबा ऑफिसात नेला.’ इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ शिफ्ट-जेवर आणि ‘ळ’ शिफ्ट-एनवर आहे. वाक्यातला प्रत्येक ‘ऱ्य’ नीट जुळला आणि ‘ॲ’ मोडला नाही, तर टंकन आणि फाँट दोन्ही ठीक आहेत.

आता उशिरा निघालेल्या बिलांविषयी. बिलाचा साचा आधीच्या खजिनदारांनी विंडोजवर ‘मंगल’ फाँटमध्ये केलेला होता. मंगल लिनक्सवर नसतो, त्यामुळे प्रत्येक डिस्ट्रो त्याच्या जागी आपल्याकडचा दुसरा देवनागरी फाँट लावते. माझ्या उबुंटूवर तेथे लोहित येत होता, फेडोरावर नोटो आला. अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलली आणि ‘एकूण देय रक्कम’ ही ओळ तेवढी दुसऱ्या पानावर गेली. मी पडद्यावर न पाहता सगळी बिले छापली. खालच्या मजल्यावरचे काका बिल उलटसुलट करून म्हणाले, “अगं, पैसे किती भरायचे ते लिहिलेलंच नाही की!”

‘एफसी-मॅच’पुढे फाँटचे नाव लिहिले की त्याच्या जागी कोणता फाँट लागणार ते कळते. साच्यातच लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी असे नाव स्पष्ट लिहावे आणि तोच फाँट नव्या यंत्रावर घालावा. लोहितचे पॅकेज उबुंटूत ‘फाँट्स-लोहित-देवा’ आणि फेडोरात ‘लोहित-देवनागरी-फाँट्स’ या नावाने मिळते. (लोहितला रेड हॅटचा आश्रय होता, लोहित म्हणजे लाल, हे कोणाला तरी नक्कीच सुचले असणार.) दुसऱ्याला पाठवायची फाइल पीडीएफच असावी.

जुन्या इतिवृत्तांच्या फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील तर नव्या यंत्रावर त्यांत रोमन अक्षरांचा काला दिसेल. मजकूर खराब झालेला नसतो. परवाना असलेला तो फाँट होममधील फाँटच्या डिरेक्टरीत ठेवून ‘एफसी-कॅश’ चालवले की मराठी परत दिसते.

८. व्हिडिओ आणि ग्राफिक्स

पेटंटच्या अडचणीमुळे फेडोरा काही कोडेक (व्हिडिओ उलगडणारे प्रोग्राम) सोबत देत नाही. मोबाइलवर काढलेला एच.२६५चा व्हिडिओ काळा दिसला तर आरपीएम फ्यूजन ही रेपॉझिटरी (पॅकेजचा साठा) जोडून तेथील पूर्ण एफएफएमपेग घ्यावे. एनव्हिडिया कार्डाचा ड्रायव्हरही तेथेच ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ या नावाने आहे. तो घातल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका: कर्नेलचे मॉड्यूल पडद्यामागे काही मिनिटे तयार होत असते, आणि ते अर्धवट असताना यंत्र बंद केले तर पडदा काळा राहू शकतो. सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास त्या मॉड्यूलच्या सहीची की आधी नोंदवावी लागते.

९. सेवा, फायरवॉल आणि एसईलिनक्स

उबुंटूत सर्व्हरचे पॅकेज घातले की सेवा बहुधा आपोआप सुरू होते. फेडोरात ‘सिस्टमसीटीएल इनेबल --नाउ’ असे स्वतः सांगावे लागते. फायरवॉलही उबुंटूत असते पण बंद असते. फेडोरात फायरवॉलडी पहिल्या दिवसापासून चालू असते.

एसईलिनक्सने, म्हणजे फेडोराच्या अंगभूत सुरक्षा यंत्रणेने, अडवले की ते बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. बहुतेक वेळा कारण असे असते की होममधील फाइल ‘एमव्ही’ने वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवलेली असते आणि तिच्यावरची होमची खूण तशीच राहिलेली असते. ‘रिस्टोरकॉन’ चालवले की खूण बदलते आणि काम होते.

स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट उलट दिशेने मोडतात. उबुंटू आणि डेबियनमध्ये ‘बिन/एसएच’च्या मागे डॅश हा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) असतो, फेडोरात बॅश; त्यामुळे फेडोरावर बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट तिकडे अडते. पहिल्या ओळीत बॅश असे स्पष्ट लिहावे. पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरता वेगळा कप्पा) मात्र उचलून आणू नये, नव्याने बनवावी.

१०. जुनी डिस्क पुसण्याची तारीख ठरवा

ही तारीख तुमच्या कामाच्या फेऱ्यावरून ठरवावी. जीएसटीचे विवरणपत्र दरमहा भरत असाल तर किमान एक पूर्ण महिना जाऊ द्या. माझे काम तिमाहीचे असल्यामुळे पुढच्या तिमाहीची बिले छापून, वाटून आणि पैसे जमा होऊन गेल्यानंतरचा रविवार मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. त्या तारखेच्या आधीच्या आठ दिवसांत जुन्या डिस्कवरून एक जरी फाइल घ्यावी लागली, तर तारीख खोडून एक महिना पुढची लिहा. मी ती दोनदा खोडली आहे.